ई-टाइप की एफ-टाइप? गॅरेज एकच आहे

कोव्हेंट्रीकर :

नमस्कार. मी मूळचा चिंचवडचा असून गेली अकरा वर्षे इंग्लंडमधील कोव्हेंट्रीत राहतो. रोजच्या कामासाठी घरात एक साधी गाडी आहे आणि ती राहणारच आहे. प्रश्न आहे तो दुसऱ्या, निव्वळ हौसेच्या गाडीचा. बरीच वर्षे बाजूला टाकलेले सुमारे ५० हजार पौंड हाताशी आहेत आणि गेल्या महिनाभरात पाहिलेल्या गाड्यांपैकी दोन मनातून जात नाहीत. पहिली १९६९ सालची जॅग्वार ई-टाइप, ४.२ लिटरची, मागे दोन छोटी आसने असलेली, म्हणजे टू-प्लस-टू; ती घेतली तर सगळी रक्कम तिथेच संपते. दुसरी त्याच कंपनीची २०१८ सालची एफ-टाइप, सुपरचार्जर (इंजिनात जादा हवा दाबणारे यंत्र) लावलेल्या व्ही-सिक्स, म्हणजे सहा सिलिंडरांच्या, इंजिनाची. ती घेतली तर बरीच शिल्लक उरते. धाकटी गाडी स्वस्त आणि तिच्याहून ४९ वर्षांनी थोरली असलेली गाडी महाग, हे गणित घरी समजावून सांगताना माझी तारांबळ उडाली.

दोन्ही गाड्या अर्धा-अर्धा तास चालवून पाहिल्या. एफ-टाइपची ताकद ३४० पीएस (म्हणजे मेट्रिक अश्वशक्ती) आहे आणि ताशी ६० मैलांचा वेग ती ५ सेकंदांच्या आसपास गाठते, त्यामुळे गावाबाहेरच्या रस्त्यावर मी पाय जरा दाबला की लगेच उचलावा लागत होता. ई-टाइपचा क्लच जड, हँडब्रेक जेमतेम धरणारा, आत पेट्रोलचा मंद वास. पण ताशी ५० मैलांवर जाताना ८० वर आहोत असे वाटत होते आणि लाकडी कड्याच्या त्या बारीक स्टिअरिंगमधून रस्त्याचा प्रत्येक खडबडीतपणा बोटांना कळत होता. घरी परतल्यावर मात्र शंका आली की हा आनंद खरोखर त्या गाडीचा होता, की लहानपणी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेल्या चित्राचा.

वर्षाला फार तर दोन-अडीच हजार मैल गाडी चालेल. मुलगी आठ वर्षांची आहे आणि तिलाही सोबत यायचे आहे. ज्यांनी यांपैकी एखादी गाडी, किंवा त्या जातीची दुसरी कोणतीही, काही वर्षे सांभाळली आहे त्यांनी तुलना नेमकी कशाची करावी हे सांगितले तर उपकार होतील. वेगाचे तक्ते मी वाचले आहेत आणि त्यांतून माझ्या हाती काही लागलेले नाही.


जुना पाना :

प्रथम फूटपट्टी घेऊन गॅरेजच्या दाराशी जा. ई-टाइपची रुंदी सुमारे १.६६ मीटर आहे, तर एफ-टाइपची आरसे सोडूनच १.९२ मीटर. तुमचे घर १९३० च्या दशकातील जोडघर असेल तर दार बहुधा ७ फुटांचे, म्हणजे २.१३ मीटरचे असणार. एफ-टाइप त्यातून कशीबशी आत जाईल, पण तिचे लांबलचक दार आत उघडून तुम्ही बाहेर कसे येणार, हे आधीच ठरवून ठेवावे लागेल. उलट टू-प्लस-टूचा चाकतळ, म्हणजे पुढच्या व मागच्या चाकांमधले अंतर, साध्या ई-टाइपपेक्षा ९ इंचांनी अधिक असल्यामुळे तिची लांबी ४.६८ मीटरच्या घरात जाते आणि तिच्या बाबतीत गॅरेजची खोली मोजणे महत्त्वाचे ठरते. शिवाय त्या गाडीचे बॉनेट म्हणजे गाडीचा पुढचा अर्धा भागच असून तो पुढच्या बाजूला कलतो, म्हणून समोरच्या भिंतीशी जागा नसेल तर साधे तेल तपासायलाही गाडी बाहेर काढावी लागते.

आता मूळ मुद्दा. तुम्ही ‘ई-टाइप चालवली’ असे लिहिले आहे, त्याला माझी हरकत आहे. २०१८ सालची एफ-टाइप ही जशी कारखान्यातून बाहेर पडली, बरीचशी तशीच आजही आहे. त्या मॉडेलबद्दल वाचलेले तिला बहुतांशी लागू पडते. १९६९ सालच्या ई-टाइपचे तसे नाही. गेल्या पाच दशकांत तिचा खालचा पत्रा एकदा किंवा दोनदा बदलला गेला असेल, इंजिन किमान एकदा उघडले असेल, रबराचा एकही तुकडा मूळचा उरला नसेल. आणि कुणी पाच गिअरांचा बॉक्स, इलेक्ट्रॉनिक इग्निशन, अॅल्युमिनियमचा रेडिएटर किंवा चार पिस्टनचे ब्रेक बसवले असतील तर तुम्ही जी चालवली ती गाडी १९६९ सालची नाहीच. ती कुणा एका दुरुस्ती करणाऱ्याच्या हातची गाडी आहे. माझ्या हाताखालून अशा बऱ्याच गाड्या गेल्या असून शेजारी शेजारी उभ्या केलेल्या, एकाच रंगाच्या दोन ई-टाइप चालवायला दोन वेगळ्या मॉडेलांसारख्या वाटलेल्या मी अनुभवल्या आहेत. म्हणून ई-टाइप विरुद्ध एफ-टाइप असा विचार सोडून ही एक ई-टाइप विरुद्ध ही एक एफ-टाइप असा विचार करा. पहिल्या गाडीत तुम्ही कुणाच्या तरी कारागिरीला पैसे देणार आहात, आणि ती कारागिरी नेमकी पत्र्याच्या आत, डोळ्यांना न दिसणाऱ्या जागी असते.

एक गोष्ट लोक विसरतात. मार्च १९६१ मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात ही गाडी आली तेव्हा ती ‘क्लासिक’ नव्हती. त्या काळची ती अत्याधुनिक स्पोर्ट्स कार होती, आणि स्वस्त होती. २,१०० पौंडांच्या आसपास किंमत, म्हणजे तेव्हाच्या अॅस्टन मार्टिनच्या साधारण निम्मी. माल्कम सेयर हे विमानांच्या धंद्यातून आलेले गृहस्थ. त्यांनी आकार काढला, आणि १९५५ पासून लागोपाठ तीन वर्षे ल मान्सची शर्यत जिंकलेल्या डी-टाइपच्या बांधणीचे धडे रस्त्यावरच्या गाडीत उतरले : मधला सांगाडा पेटीसारखा एकसंध पत्र्याचा आणि पुढे इंजिन धरायला नळ्यांची चौकट. ताशी १५० मैलांचा जो आकडा तेव्हा नियतकालिकांत गाजला, तो खास तयार केलेल्या गाड्यांवर मिळालेला होता, हे आता सर्वश्रुत आहे. तुम्ही ज्या मालिकेतली गाडी पाहत आहात, त्या दुसऱ्या मालिकेत दिव्यांवरच्या काचा गेल्या, हवा आत घेणारे तोंड मोठे झाले, दोन विजेचे पंखे आले. दिसायला ती थोडी उणी वाटते, पण उन्हाळ्यात वाहतुकीत अडकल्यावर तापमानाच्या काट्याकडे टक लावून बसावे लागत नाही. पहिल्या ३.८ लिटरच्या गाड्यांच्या गिअरबॉक्सला पहिल्या गिअरमध्ये सिंक्रोमेश (गिअर खडखड न होता जुळवणारी यंत्रणा) नसे, ४.२ मध्ये तोही प्रश्न नाही. चालवण्यासाठी गाडी हवी असेल तर तुमची निवड शहाणपणाची आहे. भिंतीवर टांगायची असेल तर १९६१ सालची घ्यावी.

देखभालीचे खरे ओझे कुठे आहे, तेही सांगतो. मागचे डिस्क ब्रेक चाकांपाशी नसून गाडीच्या मधोमध, डिफरन्शियलच्या, म्हणजे मागच्या दोन चाकांना ताकद वाटणाऱ्या पेटीच्या, दोन्ही अंगांना आहेत. चाकाबरोबर वरखाली होणारे वजन कमी राहावे हा त्यामागचा हेतू, आणि त्यामुळे खराब रस्त्यावर त्या काळच्या मानाने ही गाडी विलक्षण मऊ चालते. पण ब्रेकची उष्णता शेजारच्या तेलाच्या सीलना कडक करते, सील गळू लागतात, तेल डिस्कवर उतरते, आणि काम नीट करायचे तर मागची अख्खी चौकट खाली उतरवावी लागते. मजुरीचे तास तिथे जातात. बाकी पुढचे ग्रीसिंग, एसयू बनावटीचे तीन कार्ब्युरेटर एकमेकांशी जुळवणे, प्लग-पॉइंट, टायमिंग ही कामे कान आणि हात शिकतात. वर्षभरात तुम्हीही शिकाल. एकदा घाईत तिसऱ्या कार्ब्युरेटरची जोडकांडी घट्ट करायची मीच विसरलो होतो आणि सहांपैकी चारच सिलिंडरांवर इंजिन चालल्यासारखे कुथत घरापर्यंत आले. त्या दिवशी मी जे शिकलो, ते कोणत्याही मॅन्युअलमध्ये लिहिलेले नव्हते.


अरुंधती_लीड्स :

वरील प्रतिसाद मन लावून वाचला आणि गॅरेजच्या दाराबद्दल तंतोतंत सहमत आहे. माझी एफ-टाइप याच कारणाने बारा महिने घराबाहेर उभी असते. परंतु नवी गाडी म्हणजे कारखान्याचा छापील तुकडा आणि जुनी म्हणजे कारागिराची कविता, असा जो सूर त्यातून उमटतो, तो मला मान्य नाही.

एफ-टाइपही एकच नाही. सुरुवातीच्या गाड्यांना हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग होते, २०१६ च्या मॉडेलपासून ते इलेक्ट्रिक झाले. मागच्या चाकांवर चालणाऱ्या काही व्ही-सिक्स गाड्यांना सहा गिअरांचा मॅन्युअल बॉक्स मिळत असे, बाकीच्यांना आठ गिअरांचा ऑटोमॅटिक. तुम्हाला ई-टाइपमध्ये जे आवडले, म्हणजे हाताला काम आणि बोटांना बातमी, ते हवे असेल तर २०१८ ची ऑटोमॅटिक आणि मॅन्युअल या दोन्ही चालवून पाहा आणि मग ठरवा. मी मॅन्युअल चालवते. आकड्यांत ती ऑटोमॅटिकहून हळू आहे, आणि मला तीच प्रिय आहे. गंमत म्हणून सांगते : या व्ही-सिक्सचा ब्लॉक कंपनीच्या व्ही-एट इंजिनाच्याच बांधणीचा असून मागच्या दोन सिलिंडरांची जागा रिकामीच सोडलेली आहे. बॉनेट उघडून पाहिले की इंजिन गरजेपेक्षा लांब का, याचा उलगडा होतो.

खर्चाच्या बाबतीत कागदावर जुनी गाडी जिंकते, हे खरे आहे. ४० वर्षांहून जुन्या गाडीला ब्रिटनमध्ये रस्ताकर लागत नाही, मूळ स्वरूप फारसे बदललेले नसेल तर एमओटीची वार्षिक तपासणीही सक्तीची नाही, आणि लंडनच्या प्रदूषण-शुल्कातूनही तिला सूट मिळते. क्लासिक विमा ठरवलेल्या किमतीवर आणि मर्यादित मैलांवर मिळत असल्याने हप्ताही बेताचा असतो. एफ-टाइपला रस्ताकर, एमओटी आणि विमा यांपैकी कशातही सवलत नाही; लंडनचे ते शुल्क मात्र २०१८ च्या पेट्रोल गाडीलाही लागत नाही. एवढे मात्र पाहा की एप्रिल २०१७ नंतर नोंदलेल्या, ४० हजार पौंडांहून महाग गाड्यांना दुसऱ्या वर्षापासून पाच वर्षे जो जादा कर बसतो, तो २०१८ च्या गाडीच्या बाबतीत भरून संपलेला आहे. त्याआधीची गाडी घेतली तर धुराड्यातून निघणाऱ्या कार्बनच्या हिशेबाने दर वर्षी मोठी रक्कम मोजावी लागते.

तपासणी सक्तीची नाही म्हणून ती करूच नये, असा अर्थ मात्र कुणी काढू नये. माझ्या मते आई-वडिलांनी विचारायचा प्रश्न निराळाच आहे. त्या मागच्या छोट्या आसनावर तुमची मुलगी बसणार आहे. १९६९ च्या गाडीत हवेच्या पिशव्या नाहीत, धक्का शोषून चुरगळणारा पुढचा भाग नाही, आणि मागे तिच्या उंचीला योग्य पट्टा व आसन कसे बसवायचे, याचा विचार गाडी आखणाऱ्यांनी केलेला नाही. एफ-टाइपला मागची आसनेच नाहीत, म्हणजे मुलगी पुढे बसेल आणि तुमच्यापैकी एकच जण सोबत जाईल. मी दुसरी अडचण पत्करीन. तुम्ही पहिली पत्करणार असाल तर निदान डोळे उघडे ठेवून पत्करा, एवढेच माझे म्हणणे आहे.


कोव्हेंट्रीकर :

दोघांचेही मनापासून आभार. दार मोजले : २ मीटर १० सेंटिमीटर. खोली ४ मीटर ९० आहे, म्हणजे टू-प्लस-टू आत जाईल, पण बॉनेट उघडण्यासाठी तिला उलटी आत न्यावी लागेल. अरुंधतीताईंचा मुलीबद्दलचा मुद्दा पत्नीला वाचून दाखवला. तिने काही न बोलता माझ्याकडे पाहिले, त्यावरून मी काय ते समजलो. मुलीला घेऊन फक्त गावातल्या गावात, असा तह सध्या झाला आहे.

आणखी एक विचारायचे राहिले. सात-आठ वर्षांनी परत पुण्याला येण्याचा विचार आहे. तेव्हा यांपैकी कोणती गाडी बरोबर आणता येईल?


तिसरा गिअर :

हे पुण्यातून लिहीत आहे, म्हणून फक्त याच प्रश्नावर लिहितो. वापरलेली गाडी भारतात आणायची तर सर्वसाधारण नियमानुसार ती ३ वर्षांहून जुनी चालत नाही. एफ-टाइपचे उत्पादन २०२४ साली थांबले, त्यामुळे सात-आठ वर्षांनी तिची गोष्टच नको. जुन्या गाड्यांच्या आयातीचे नियम वेगळे आहेत आणि ते बदलत आले आहेत; गाडी जहाजावर चढवण्यापूर्वी त्या वेळची अधिसूचना स्वतः वाचावी, एजंटाच्या तोंडी सांगण्यावर राहू नये. सीमाशुल्क गाडीच्या किमतीइतके, किंबहुना तिच्याहून अधिक धरून चालावे.

नोंदणीचे मात्र आता सुटसुटीत झाले आहे. २०२१ च्या नियमांप्रमाणे ५० वर्षांहून जुन्या आणि मूळ बांधणीत मोठे फेरफार न केलेल्या गाडीला विंटेज म्हणून स्वतंत्र नोंदणी मिळते. क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, नव्या नोंदणीचे शुल्क २० हजार रुपये असते आणि ती १० वर्षे चालते. पण ही गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक संशोधन, आणि इंधन भरण्यासाठी किंवा देखभालीसाठी जाणे, एवढीच कारणे नियमात दिलेली आहेत. पुण्यातल्या हौशी मंडळींच्या गाड्यांना दर रविवारी सकाळी इंधनाची फार निकड भासते, हा योगायोग समजावा.

इंधनाचाच दुसरा पैलू गंभीर आहे. ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून साध्या पेट्रोलमध्ये १० टक्क्यांपर्यंत इथेनॉल आले आणि महागड्या प्रतीचे पेट्रोल घेतले तर ते प्रमाण ५ टक्क्यांच्या आत राहते. आपल्याकडे आता २० टक्क्यांचे मिश्रण सर्रास मिळते. जुन्या रबरी नळ्या, कार्ब्युरेटरमधील पडदे आणि टाकीचा पत्रा यांना ते मानवत नाही, कारण इथेनॉल रबर फुगवते आणि हवेतले पाणी ओढून घेते. माझ्याकडे वडिलांची फियाट आहे, कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यातली. तिच्या सगळ्या इंधननळ्या मी नव्या रबराच्या करून घेतल्या आणि गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरून ठेवतो, म्हणजे आत ओल धरायला जागाच राहत नाही. ई-टाइप आणलीत तर हे काम पहिल्या आठवड्यात करून घ्या. शिशाविना पेट्रोलची भीती तेवढी बाळगू नका. त्या इंजिनाचे हेड अॅल्युमिनियमचे असून व्हॉल्व्हच्या बैठका वेगळ्या, कठीण धातूच्या बसवलेल्या असतात.

जाता जाता, २००८ पासून जॅग्वार ही कंपनी टाटांची आहे, त्यामुळे चिंचवडच्या माणसाने दोन्हींपैकी काहीही घेतले तरी माहेरचीच गाडी घेतली असे होईल.


जुना पाना :

अरुंधतीताईंनी माझा कान पकडला तो योग्यच आहे. नव्या गाडीच्या आखणीतही माणसांचेच डोके आहे, हे मी लिहायला हवे होते. फरक एवढाच मानतो की एफ-टाइपचा चिकटवलेला आणि रिव्हेट मारलेला अॅल्युमिनियमचा सांगाडा बिघडला तर घरच्या गॅरेजमध्ये काही करता येत नाही, आणि ई-टाइपचा पत्रा कुणीही वेल्डिंग करू शकतो. हेच त्या पत्र्याचे दुर्दैव आहे.

म्हणून ती १९६९ ची गाडी पुन्हा पाहायला जाल तेव्हा रंगाकडे बघू नका. दरवाजाखालची पेटी, जिला इथे सिल म्हणतात, तीवर गाडीचा कणखरपणा अवलंबून असतो. मऊ फडक्यात गुंडाळलेले लोहचुंबक तिच्यावरून फिरवा. जिथे ते धरत नाही तिथे पुट्टी आहे. दरवाजा अर्धवट उघडून वर उचलून पाहा आणि बॉनेट व दरवाजा यांच्यातली फट वरपासून खालपर्यंत सारखी आहे का ते पाहा. ती खाली रुंदावत असेल तर सिल बदलताना सांगाड्याला आधार न देता कापाकापी झाली, असे खुशाल समजावे. पुढच्या नळ्यांच्या चौकटीला आतून गंज धरतो आणि बाहेर रंग चकचकीत असतो; जोडांपाशी बॅटरी मारून बारीक भेगा शोधा. मग गाडी पूर्ण थंड इंजिनावर, तुमच्या देखत सुरू करायला सांगा. आधीच गरम करून ठेवलेली असेल तर चहा घेऊन दोन तासांनी परत जा.

कागदांत ‘जॅग्वार डेमलर हेरिटेज ट्रस्ट’चे प्रमाणपत्र मागा. गाडी कारखान्यातून कोणत्या इंजिन क्रमांकाने, कोणत्या रंगात आणि कुठे रवाना झाली, हे त्यावर असते. या गाड्यांचा मोठा हिस्सा अमेरिकेला गेला आणि पुढे त्यांतल्या बऱ्याच परत आणून उजव्या हाताच्या केल्या गेल्या. तसे असणे हा दोष नाही, कारण कोरड्या प्रांतातल्या गाडीचा पत्रा ब्रिटनच्या, हिवाळ्यात बर्फासाठी मीठ टाकलेल्या रस्त्यांवरच्या गाडीहून चांगला टिकतो. पण या दुसऱ्या मालिकेतल्या अमेरिकेच्या गाड्यांना तीनऐवजी स्ट्रॉमबर्ग बनावटीचे दोनच कार्ब्युरेटर असत आणि ताकद बरीच कमी असे. तुम्ही चालवली त्या गाडीत किती कार्ब्युरेटर होते?


कोव्हेंट्रीकर :

तीन होते. पण आज विक्रेत्याला फोन करून विचारले तेव्हा कळले की गाडी मुळात कॅलिफोर्नियाला गेली होती, डाव्या हाताची होती, आणि तीन कार्ब्युरेटर १९९० च्या दशकात इथे आल्यावर बसवले. म्हणजे तुमच्या पहिल्याच प्रतिसादातले म्हणणे खरे निघाले. मी चालवली ती १९६९ ची गाडी नव्हतीच. आश्चर्य म्हणजे हे कळल्यावर ती मनातून उतरली नाही. ज्याने हे काम केले त्याची बिले आणि काम चालू असतानाची छायाचित्रे फाइलमध्ये आहेत, असे विक्रेता म्हणतो.

शनिवारी सकाळी नऊला जात आहे. इंजिन गार ठेवायला सांगितले आहे, चुंबक आणि बॅटरी पिशवीत टाकली आहे. दुपारी लीड्सच्या बाजूला एक मॅन्युअल एफ-टाइप पाहायचे ठरले आहे, तिचे आरसे मिटतात की नाही, तेही पाहून येतो.